वाड्याच्या लाकडी माडीवर गरम टाइल: आधी खालच्या मजल्यावर जाऊन वर बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुन्या नाशकातला वाडा, माडीवरची १२ बाय १४ फुटांची खोली, खालून कडीपाट (मोठ्या तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर लाकडी पाट), वर मातीची भर आणि तिच्यावर शहाबादी फरशी. थंडीत सासूबाईंना फरशीवर पाय टेकवत नाही, म्हणून फरशी काढून विजेची हीटिंग मॅट (जाळीवर बसवलेली तापणारी वायर) आणि वर टाइल असा बेत. टाइलवाला म्हणतो, पाटांवर १२ मि.मी. प्लाय ठोकतो आणि दोन दिवसांत काम देतो. सुतार म्हणतो, लाकूड तापून जळेल. कॅनडातला दीर म्हणतो, सिमेंट बोर्ड टाका, इकडे सगळे तेच करतात. आता ऐकायचं कुणाचं, असा प्रश्न आहे.

तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दुखणं कुठे आहे ते कुणी पाहिलेलं नाही. फरशी गरम करणं हा या कामातला सोपा भाग. लाकूड माणसाच्या चालण्याने दबतं, पावसाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं. टाइल यातलं काहीच करत नाही. दोघांना एकमेकांना घट्ट चिकटवलं की पहिल्या दोन ऋतूंत सांधे फुटतात, मग टाइल पोकळ वाजायला लागते. साध्या फरशीत एवढ्यावर निभावतं. तुमच्याकडे त्या टाइलखाली वायर असेल, म्हणजे एक टाइल बदलायची तरी छिन्नी कुठे मारायची हा प्रश्न.

मी २७ वर्षं नाशकात फरशीची आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं घेतोय. गरम फरशीची कामं त्यात मोजकीच, लाकडी माडीवरची मात्र बरीच. आणि पहिलं बिघडवलेलं काम माझंच आहे. तिवंध्याकडच्या एका माडीवर पाटांना खिळ्यांनी प्लाय मारला आणि साध्या सिमेंटच्या गिलाव्यात कोटा बसवला. दिवाळीत काम दिलं, पुढच्या श्रावणात मालकांचा फोन आला. खोलीभर सरळ रेषेत भेगा, अगदी प्लायच्या जोडांवरून. पदरचे पैसे घालून सगळं उखडलं. खाली लिहितोय त्यातलं निम्मं त्या कामात शिकलो.

सगळ्यात आधी खालच्या मजल्यावर जा आणि छताकडे बघा. तुळई भिंतीत जिथे शिरते ते टोक बघा. मधला भाग ठणठणीत आणि टोक मात्र भिंतीच्या ओलीने कुजलेलं, हे मी अनेकदा पाहिलंय. पेचकस घ्या आणि टोकाशी दाबून बघा. चांगल्या सागात तो शिरत नाही, कुजलेल्यात लोण्यासारखा जातो. तुमचा वाडा सराफ बाजार किंवा भांडी बाजाराच्या बाजूला असेल तर २००८, २०१६, २०१९ च्या गोदावरीच्या पुरांत तळमजल्यात पाणी आलं होतं का, हे घरच्यांना विचारा. पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आला एवढं आपण लक्षात ठेवतो, भिंतींनी किती पाणी प्यायलं ते कुणी बघत नाही. विटा आणि मातीच्या भिंतीत ओल वर चढते आणि खांबांच्या बुडाशी वाळवीला वाट करून देते. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. तुमच्या किंवा शेजारच्या सामाईक भिंतीच्या वाड्याला तशी नोटीस आली असेल तर टाइलचा विचार तूर्त बाजूला ठेवा, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

लाकूड निरोगी निघालं, तर पुढचा प्रश्न माडी किती लवते हा. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. शंभर वर्षांच्या तुळईला मधोमध बाक आलेला असतो. तो जुना बाक ही लेव्हलची अडचण आहे, तो पट्ट्या लावून काढता येतो. टाइलला मारक असतं ते नवं हलणं. वरून कुणी दाणदाण चाललं की फळीवरची तांब्या-पितळेची भांडी वाजतात का? वाजत असतील तर उत्तर तिथेच मिळालं.

मोजमापाचा नियम असा आहे: राहत्या घराच्या पूर्ण भाराखाली, आधारापासून आधारापर्यंतच्या अंतराच्या ३६० व्या भागापेक्षा जास्त लवता कामा नये. हे सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलसाठी. कोटा, शहाबादी, संगमरवर असा नैसर्गिक दगड लावायचा तर ७२० वा भाग. तुमची तुळई १२ फूट, म्हणजे साधारण ३६०० मि.मी. पोकळीवर असेल तर टाइलला १० मि.मी. चालेल, दगडाला ५ च. त्यामुळे 'टाइलऐवजी पुन्हा शहाबादीच गरम करू' असं मनात असेल तर ते सोडून द्या. वाड्यात आणखी एक मेख आहे. कड्यांच्या आधारांमधलं अंतर एका खणाएवढं, म्हणजे दोन तुळयांमधलं, म्हणून त्या ताठ वाटतात. पण कड्या तुळईवर टेकलेल्या असतात आणि दोघींचं लवणं मिळून टाइलपर्यंत पोचतं. सुतार कडी ठोकून 'एकदम कडक' म्हणाला म्हणून तुळई सोडू नका.

मी हे इंजिनिअरला उभं करूनच तपासतो. खाली तुळईच्या मध्याशी एक सरळ पट्टी जमिनीपासून उभी करायची, तिच्यावर खूण करायची. वर खोलीत २०० लिटरचे पाच ड्रम पसरून ठेवायचे आणि नळीने सावकाश भरायचे. खाली पट्टीजवळ कुणी थांबायचं नाही, भरून झाल्यावर बघायचं. राहत्या खोलीचा हिशेबाचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात. तुमची खोली साडेपंधरा चौरस मीटरची, म्हणजे पूर्ण भार तीन टनांच्या वर. पाच ड्रम म्हणजे एक टन, त्याचा तिसरा हिस्सा. तेव्हा तुळई तीन मि.मी.च्या आत उतरली तर ठीक. जास्त उतरली तर कड्यांना जोडकड्या, तुळईला खालून आधार किंवा लोखंडी चॅनेल. कुठे काय लागेल ते लाकूड बघितल्याशिवाय सांगता येत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ही चाचणी माती काढल्यावर करायची. मातीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण तुमच्या कामातली सगळ्यात मोठी कमाई तिथेच आहे. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे ते पावणेदोनशे किलो, वर शहाबादी साठ-सत्तर किलो. त्याऐवजी तुम्ही टाकणार दोन थर प्लाय, मेंब्रेन (एक प्लास्टिकची चादर, तिच्याबद्दल खाली), ॲढेसिव्ह (टाइल चिकटवायचा माल) आणि टाइल, सगळं मिळून पन्नास-पंचावन्न किलो. एका खोलीवरचं अडीच टनांच्या आसपास ओझं उतरतं. शिवाय चार-पाच इंच उंची परत मिळते. नवा थर जेमतेम दोन इंच होतो, म्हणजे दार कापणं नाही की उंबरा उचलणं नाही. माती काढताना मात्र गडी ढीग एका कोपऱ्यात घालतात, ते होऊ देऊ नका. मधून बाहेर, सारखी काढत पाट्यांनी लगेच खाली न्यायची. नंतर आठ-पंधरा दिवस माडीला मोकळं सोडा. ओझं उतरलेली तुळई थोडी वर येते, ती स्थिरावल्यावर मोजा. एक तोटाही सांगून ठेवतो: माती आवाज गिळते. ती गेली की वरची पावलं खालच्या खोलीत ऐकू येतील. खाली भाडेकरू असेल तर आधी बोलून घ्या.

आता पाट उघडे झाले. मोडके पाट बदला, करकरणारे कड्यांना स्क्रूने आवळा, खिळ्यांनी नाही. खिळा लाकडाच्या फुगण्या-आकसण्याबरोबर हळूहळू वर येतो. कड्यांवर जुना बाक असेल तर लाकडाच्याच निमुळत्या पट्ट्यांनी भरून घ्या. सिमेंटचा माल ओतून लेव्हल करायला गेलात तर वाचवलेलं ओझं पुन्हा डोक्यावर.

प्लायबद्दल टाइलवाल्याशी तुमचा वाद होणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो. त्याचा १२ मि.मी.चा एक थर अपुरा आहे. मी पहिला थर १९ मि.मी. आणि दुसरा १२ मि.मी. असे दोन टाकतो, दोन्ही आयएस ७१० चा शिक्का असलेले, म्हणजे ज्याला आपण मरीन प्लाय म्हणतो तो. कमर्शियल प्लाय, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यातलं काही नको. शीट खोलीत आणून दोन-तीन दिवस पट्ट्यांवर आडवे ठेवा, खोलीच्या हवेला सरावू द्या. (आठ फुटी शीट वाड्याच्या जिन्याच्या वळणावर अडकतं. गॅलरीतून दोरीने ओढा, नाहीतर चार बाय चार करून न्या. हे आदल्या दिवशी ठरवलं नाही तर सकाळचे दोन तास जिन्यातच जातात.)

पहिल्या थराची लांब बाजू कड्यांना आडवी. शीट आणि शीटमध्ये ३ मि.मी. फट, भिंतीकडून ६ मि.मी. ही फट आमच्या लोकांच्या हातून सुटत नाही, त्यांना जोड घट्ट बसला की काम सुबक वाटतं. म्हणून मी फटीत खिळे उभे करून ठेवतो आणि शीट बसल्यावर काढतो. कडेने सहा इंचांवर, मध्ये आठ इंचांवर स्क्रू. कडीवर ७५ मि.मी.चा, कड्यांच्या मधे ४० चा, नाहीतर खालच्या कडीपाटातून टोकं डोकावतील. दुसऱ्या थराचे जोड पहिल्याच्या जोडांवर येऊ द्यायचे नाहीत, आणि त्याचे स्क्रू २५ मि.मी.चेच, फक्त पहिल्या थरात. ते कडीपर्यंत नेले तर कडीची हालचाल सरळ टाइलपर्यंत जाते. मध्ये गोंद लावायचा तर शीटभर पसरून लावा, नाहीतर अजिबात नको. नागमोडी रेषा ओढून लावलेला गोंद दोन थरांना एकमेकांपासून उचलून धरतो आणि खाली पोकळी राहते.

कधी करायचं? दिवाळी उरकल्यावर. श्रावण-भाद्रपदात फुगलेल्या लाकडावर टाइल लावून पौषात खालून गरम केलंत तर जितकं आकसता येईल तितकं ते एकदम आकसेल. माझ्याकडे लाकडाचा ओलावा मोजायचं मीटर आहे. १२ टक्क्यांच्या वर असेल तर मी सामान उतरवतच नाही. घाई असणाऱ्या मालकांना हे पटत नाही, तरी.

दिराच्या सिमेंट बोर्डाबद्दल. त्यांच्याकडे तो चालतो, कारण तिथल्या घरांत कड्या आणि प्लाय हिशेबाने टाकलेले असतात आणि बोर्ड त्या भक्कम पायावर बसतो. बोर्ड टाइलला धरायला चांगला पृष्ठभाग देतो, माडीला ताठपणा देत नाही. लवती माडी बोर्ड टाकल्यावरही लवतच राहते. मी तुमच्या खोलीत त्याऐवजी डीकपलिंग मेंब्रेन वापरेन. प्लास्टिकची, उंचवट्यांची चादर असते. खालून कापडी अस्तर प्लायला चिकटतं, वरच्या उंचवट्यांत हीटिंगची वायर अडकवत न्यायची, आणि लाकूड खाली थोडं सरकलं तरी ते सरकणं मेंब्रेन पोटात घेते, टाइलपर्यंत जाऊ देत नाही. नाशकात मला ती दुकानात तयार मिळाली नाही, दर वेळी मुंबई-पुण्याहून मागवावी लागली. त्यासाठी पंधरा दिवस हाताशी ठेवा. मिळालीच नाही तर ॲढेसिव्हच्या थरात बसवून स्क्रू केलेला सिमेंट बोर्ड, वर मॅट, आणि मॅटवर सेल्फ लेव्हलिंगचा, म्हणजे आपोआप सपाट पसरणाऱ्या सिमेंटच्या मालाचा पातळ थर. पण तो थर पाण्यासारखा वाहतो. ओतण्याआधी कडेची प्रत्येक फट टेपने बंद करा. एकदा आम्ही एक कोपरा विसरलो आणि खालच्या देवघरातल्या बाळकृष्णावर राखाडी अभिषेक झाला. काकू अजून भेटल्या की काढतात.

सुताराच्या भीतीचं उत्तर: लाकूड पेट घ्यायला अडीचशे-तीनशे अंश लागतात. इथे थर्मोस्टॅटचा सेन्सर फरशीतच बसतो, आणि तो आपण २७-२८ अंशांवर बांधतो. एवढ्याने फरशी 'गरम' लागत नाही, फक्त गार लागायची थांबते. सासूबाईंना आधी हे सांगा, नाहीतर पहिल्या दिवशी 'लागलंच नाही' म्हणतील. उलट लाकूड इथे तुमच्या बाजूचं आहे. काँक्रीटपेक्षा ते उष्णता साधारण दहापट कमी वाहून नेतं, म्हणून स्लॅबपेक्षा माडीवरची टाइल लवकर कोमट होते आणि वीजही कमी खाते. निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली गेल्याची बातमी येते त्या पहाटे हा फरक कळतो.

पण सुताराला वाटणारी भीती एका जागी खरी ठरू शकते. आपल्याकडे खोलीत सतरंजी पसरतात, गादी जमिनीवर घालतात, दिवाण आणि पेटीचा पलंग जमिनीला टेकलेला असतो. त्याखाली उष्णता कोंडते, सेन्सर दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर त्याला पत्ताच नसतो. कोंडलेल्या जागेतली वायर खराब होते आणि खालचा प्लाय वर्षानुवर्षं सुकत राहतो. म्हणून पूर्ण खोली गरम करू नका. पलंगापासून दारापर्यंतचा आणि खुर्चीपुढचा पट्टा, मिळून पाचेक चौरस मीटर, बास. सासूबाईंना मधुमेह असेल आणि पायांची जाणीव कमी असेल तर तापमान २७ च्या वर नेऊच नका, आणि त्या पट्ट्यावर झोपणं तर नकोच.

चौरस मीटरला १५० वॅटची मॅट धरली तर पाच मीटरला ७५० वॅट. पहाटे आणि रात्री मिळून सहा तास चालवली तर जास्तीत जास्त साडेचार युनिट. थर्मोस्टॅट मधून मधून बंद करतो, त्यामुळे प्रत्यक्षात कमी. महावितरणच्या बिलावरच्या तुमच्या वरच्या टप्प्याच्या दराने गुणून बघा. त्याआधी वायरिंग बघा. वाड्यात अजून लाकडी पट्टीवरचं वायरिंग असेल आणि अर्थिंग नसेल तर मॅटचं खोकं उघडूही नका. स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच), यात तडजोड नाही. हे काम परवानाधारक वायरमनचंच.

मॅट बसवताना जाळी कापून वळवता येते, वायर कधीच कापायची नाही, एकीवर दुसरी चढवायची नाही. गुंडाळलेली मॅट 'चालते का बघू' म्हणून लावायची तर अजिबात नाही. ओहम, म्हणजे वायरचा विद्युतरोध, तीनदा मोजा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर, टाइल लागल्यावर. ७५० वॅटच्या मॅटला २३० व्होल्टवर साधारण ७० ओहम येतात. तुमच्या मॅटच्या पट्टीवर जो आकडा असेल त्याच्या आसपास तिन्ही वेळा यायला हवा. गंगापूर रोडच्या एका कामात दुसऱ्या आणि तिसऱ्या मोजणीच्या मधे आमच्याच माणसाने थापीच्या कडेने वायरचं अस्तर फाडलं. ओहम बरोबर आले, मेगर (वायरच्या अस्तरातून वीज गळते का ते तपासायचं यंत्र) लावल्यावर गळती दिसली. टाइल ओली होती म्हणून अर्ध्या तासात निभावलं. तेव्हापासून ओहमबरोबर मेगरही तिन्ही वेळा.

टाइल कुठली? दोन बाय चारच्या मोठ्या टाइलची फॅशन आहे, पण लाकडी माडीवर दोन बाय दोनच्या पुढे जाऊ नका. जोडाला जोड लावून तर मुळीच नाही, किमान ३ मि.मी.चा सांधा हवा. ॲढेसिव्हला आमचे मिस्त्री सरसकट 'केमिकल' म्हणतात आणि दुकानदार स्वस्तातलं देतो. पोत्यावर एस-१ किंवा एस-२ लिहिलेलं बघून घ्या, ते लवचीक असतं. दातेरी थापीने ओढायचं, टाइलच्या पाठीलाही हात फिरवायचा. चार कोपऱ्यांना चार ठिपके लावून टाइल दाबणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा, कारण पोकळीत वायर तापते आणि वरची टाइल गारच राहते. भिंतीकडेची फट रिकामी ठेवून वर स्कर्टिंग. दारातला सांधा ग्राउटने भरू नका, तिथे सिलिकॉन.

तुम्ही ओघात 'शेजारच्या मोरीतही करू का' असं लिहिलंय. माझं मत: नको. बादलीने अंघोळ, रोजचं धुणं, दिवाळीत घासून फरशी धुणं, हे सगळं लाकडावर चालवायचं म्हणजे वॉटरप्रूफिंगवर अख्ख्या तुळईचा जीव टांगायचा. बाहेर देशांत शॉवरच्या चौकटीबाहेर कोरडी बाथरूम असते, तिथे जमतं. आपल्या मोरीत फरशीच्या इंचाइंचावर पाणी पडतं. तिथे रबरी चटई आणि गरम पाणी पुरे. खोलीतसुद्धा पुसायला पिळलेलं फडकं, बादली ओतणं नाही.

टाइल लागली की लगेच बटण दाबायचा मोह होईल. ॲढेसिव्ह पिकायला साधारण २८ दिवस धरा, मग पहिल्या दिवशी २० अंश आणि रोज दोन-दोनने वर. आणि टाइल लावण्याआधी, वायर उघडी असताना, खोलीच्या चारी भिंतींपासून टेप धरून फोटो काढा. सेन्सर कुठे, वायरचा जोड कुठे, दारापासून पहिली ओळ किती इंचांवर. ते फोटो छापून लाइट बिलाच्या फायलीत लावा, मोबाइलमध्ये ठेवू नका. पाच-सात वर्षांनी कुणीतरी दार भिंतीवर आपटतं म्हणून जमिनीत स्टॉपर बसवायला ड्रिल घेऊन येईल, त्या वेळी तुम्ही घरात असालच असं नाही.